घेवड्याच्या शिरा



आज तुमच्यापुढे अभंगाचं निरूपण घेऊन आलेलो नाही. तो अधिकारही नाही. आज घेवड्याच्या शेंगांची भाजी सांगणार आहे. तव्यावरची, साधी, कांदा-लसणाविना. तुमच्यातल्या मायमाऊल्यांना हसू येईल, कारण ही भाजी काय सांगायची? दहा वर्षांची पोर करते. पण मी ती बासष्टाव्या वर्षी शिकलो आणि शिकायला मला दोन श्रावण लागले.

आधी आमचा मुलूख सांगतो. सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुका म्हणजे घेवड्याचा तालुका. आमच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. दाणा गुलाबीसर, त्यावर वाघाच्या अंगावर असाव्यात तशा तांबड्या रेघा. मृगाच्या पावसावर पेरायचा, दोन-अडीच महिन्यांत काढायचा. माझं दीड एकराचं रान. त्यात वाघ्या घेवडा, आणि बांधाच्या कडेनं भाजीपुरता श्रावण घेवडा दोन ओळी. या दोन ओळी पहिल्यापासून आमच्या घरच्या मंडळींच्या. त्यातलं एक पैशाचं बाजारात जात नाही. श्रावण लागला की शेंगा धरतात आणि घरात रोज तीच भाजी. मी कंटाळायचो.

काही घरांत चातुर्मासात घेवडा खात नाहीत. काही जण श्रावणात पालेभाजी सोडतात, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल. आमच्या घरात कांदा, लसूण आणि वांगं तेवढं सोडतात, घेवडा चालतो. ज्यानं त्यानं आपल्या घरची रीत पाळावी. शेजारच्या एका म्हाताऱ्या माळकरी आजींनी मला विचारलं होतं, ‘श्रावणात पाला चालत न्हाई, मग तू कोथमीर कशी घालतूस?’ मी म्हटलं, ‘आजी, ती औषध म्हणून घालतो.’ हे थट्टेनं म्हणालो, पण खोटं नव्हतं. ते पुढे येईल.

माऊली, मी एकोणीस वाऱ्या केल्या. सलग. आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला माऊलींचं प्रस्थान होतं तेव्हापासून आषाढी पौर्णिमेच्या काल्यापर्यंत मी घरात नसायचो. तुम्हाला ठाऊक आहेच, शेतकरी वारकरी पेरणी उरकून निघतो. पण पाऊस काही आपल्या दिंडीचा नंबर बघून येत नाही. एकोणीसपैकी निदान सात-आठ वर्षं अशी गेली की मी निघालो तेव्हा रान कोरडं होतं आणि मी वाल्ह्याला किंवा नीरेला असताना गावाकडे पाऊस झाल्याचं कळायचं. तेव्हा पेरणी कुणी केली? तिनं. बैल मागून आणायचे, कुरीमागं बाई लावायची, बी राखेत घोळायचं. माझे वडील अंथरुणावर होते ती सहा वर्षं त्यांचंही सगळं तिच्याकडं. मी परत यायचो तेव्हा घेवडा वीतभर झालेला असायचा. मी बांधावर उभा राहून म्हणायचो, ‘पांडुरंगाची कृपा!’ ती म्हणायची, ‘व्हय.’

ती एकदाही वारीला आली नाही. लोणंदच्या मुक्कामाला मात्र न चुकता यायची, एस.टी.नं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, माझं एक धुतलेलं धोतर. दर्शनाच्या रांगेत तीन-चार तास उभी राहायची, पादुकांवर डोकं ठेवायची आणि संध्याकाळच्या गाडीनं माघारी. दारात जनावरं होती. एकदा तिनं विचारलं होतं, ‘चांदोबाच्या लिंबापातूर चालू का? रिंगण बघते आन् तिथनं जाते.’ लोणंदपासून पुढं पहिलं उभं रिंगण तिथं होतं, फार लांब नाही. मी म्हणालो, ‘पुढल्या वर्षी बघू.’

साडेतीन वर्षांपूर्वी माघात तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पोरगा आणि सून पुण्याला नोकरीत. ते घेऊन जायला तयार होते, पण ती उंबरा सोडायला तयार नव्हती. तोंडानं सांगता येईना, तर डाव्या हातानं खाटेचा खूर धरून बसली. मग मीच राहिलो. त्या दिवसापासून चूल माझ्याकडं आली.

डॉक्टरांनी दोन गोष्टी फार बजावून सांगितल्या. पहिली मिठाची. तिचं ब्लडप्रेशर वाढून हे झालं होतं. धडधाकट माणसानंही दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ खावं, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, तोही सगळं धरून; भाकरी, आमटी, चटणी, लोणचं. आमच्या घरात तेवढं मीठ एका ठेच्यात जायचं. दुसरी गोष्ट गिळण्याची. अशा झटक्यानंतर घशाचे स्नायूही दुबळे होतात. घास अन्ननलिकेत जाण्याऐवजी श्वासनलिकेकडं गेला तर छातीत न्यूमोनिया होतो आणि त्यात माणूस जातं. म्हणून ताठ बसवून भरवायचं, हनुवटी किंचित खाली, घास लहान, तोंड रिकामं झालं हे बघूनच पुढचा घास, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. तुमच्या घरात असं माणूस असेल तर एवढं जरूर लक्षात ठेवा. पहिले काही महिने पेज, मऊ भात, पातळ वरण. मग हळूहळू मऊ शिजवलेल्या भाजीची परवानगी मिळाली.

तो श्रावण होता. बांधावर दोन ओळी मी लावल्या होत्या, तिनं खाटेवरून बोटानं दाखवलं म्हणून. शेंगा धरल्या. मी म्हटलं, आता हिला हिची भाजी करून घालू.

तवा तिच्या माहेरचा, बिडाचा. लग्नात आला होता. वजन असं की एका हातानं उचलवत नाही. मी गॅस मोठा केला, तेल ओतलं आणि शेंगा बोटभर तुकडे करून टाकल्या. बाहेरून काळ्या, आतून कच्च्या. कच्चा घेवडा बाधतो, माऊली. त्याच्या दाण्यात असा एक अंश असतो की तो नीट शिजला नाही तर उलट्या-जुलाब होतात; कोवळ्या शेंगेत कमी, भरल्या दाण्यात फार. म्हणून वाळला वाघ्या रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात खळखळ उकळूनच खायचा असतो. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझंच पोट दोन दिवस बिघडलं. नशीब, तिला ती भाजी दिली नव्हती.

लेकीनं फोनवर सांगितलं, ‘आप्पा, मोठ्या गॅसवर नुसती परतून घ्या आणि मग वाफ द्या. आई ताटात पाणी ठेवायची झाकणावर.’ चाळीस वर्षं त्या घरात जेवलो, पण झाकणावर पाणी ठेवतात हे मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या श्रावणात भाजी मला बऱ्यापैकी जमायला लागली होती. जमली की माणूस ढिला पडतो. एका सकाळी शेंगा जरा जून निघाल्या. जून शेंगेला दोन्ही कडांनी शिरा असतात, दोऱ्यासारख्या. आमच्याकडं त्या काढण्याला शेंगा निसणं म्हणतात. मी निसल्या, पण कशा? आषाढीची बातमी लागून गेली होती, मन पंढरपुरात होतं, शेजारी रेडिओवर कीर्तन लागलं होतं, आणि हात आपला चालला होता. तोंडानं नामही चालू होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, केवढा भजनी माणूस! तिसऱ्या घासाला तिला ठसका लागला. साधा नव्हे. डोळे पांढरे झाले, ओठ निळे पडायला लागले. मी तिला पुढं वाकवून पाठीवर थापा मारल्या, चार, पाच. तोंडातून बाहेर आली ती एक शीर. बोटभर लांबीची, हिरवी, चिवट शीर. तिला श्वास आला. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि डाव्या हातानं आपलं तोंड पुसलं. मी उठून परसात गेलो आणि तिथं बसलो. किती वेळ ते आठवत नाही.

त्या दिवसापासून शेंगा निसताना मी तोंडानं काही म्हणत नाही. आधी म्हणायचो. आता नाही. शेंग घ्यायची, देठ मोडायचा, मोडताना तो पुरता तोडायचा नाही, तसाच खाली ओढायचा, म्हणजे एका बाजूची शीर दोऱ्यासारखी सुटते. मग शेंडा मोडून उलट्या बाजूनं ओढायचा. मग शेंग उजेडाला धरून बघायची. पावशेर शेंगांना मला पाऊण तास लागतो. नाम कुठं जातं त्या पाऊण तासात, मला विचारू नका. मी कीर्तनकार नाही.

आता भाजी सांगतो. पावशेर कोवळ्या शेंगा, चिरण्याआधी धुतलेल्या. चिरून धुतल्या तर चव पाण्यात जाते. तांदळाएवढ्या नव्हे पण हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या बारीक चिरायच्या. बिडाचा तवा मंद आचेवर पाच मिनिटं नुसता तापवायचा, घाई नाही. दोन चमचे शेंगदाण्याचं तेल. मोहरी तडतडली की जिरं, चिमूटभर हिंग, कढीपत्ता, एक हिरवी मिरची उभी चिरून. ती नंतर काढून टाकता येते. हळद. मग शेंगा टाकून आच मोठी करायची आणि उलथण्यानं परतत राहायचं, शेंगेवर कुठं कुठं तपकिरी ठिपके पडेपर्यंत. तो खमंगपणा इथंच येतो, नंतर कितीही शिजवली तरी येत नाही. मग पाण्याचा एक हबका, वर खोलगट ताट, ताटात पेलाभर पाणी. आच अगदी बारीक. हरिपाठाचे नऊ-दहा अभंग होईतो झाकण उघडायचं नाही. इथं मात्र मी म्हणतो. घड्याळ बघण्यापेक्षा बरं. ताटातलं गरम पाणी लागेल तसं भाजीत घालायचं. गार पाणी घातलं तर शेंग आवळते. दोन बोटांत तुकडा दाबला की चिरडला पाहिजे. मग भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट दोन चमचे, आणि मीठ, तिच्या वाट्याचं मोजून.

आता ती कोथिंबीर. मीठ कमी केल्यावर भाजीला चव कशानं यायची? पहिल्या वर्षी तिनं अन्न टाकायला सुरुवात केली होती. वजन उतरलं. मग आमच्या दवाखान्यातल्या एका नर्सताईंनी सांगितलं, ‘काका, हिरवं वाढवा, आंबट वाढवा, जिभेला काहीतरी द्या.’ तेव्हापासून परसात वाफा केलाय. कोथिंबीर, पुदिना, आणि पानओवा. त्याची पानं जाड, लवदार, कुस्करली की ओव्याचा वास सुटतो. तवा खाली उतरवल्यावरच मूठभर कोथिंबीर, पानओव्याची दोन पानं अगदी बारीक चिरून घालायची आणि अर्धा मिनिट झाकायचं. आचेवर घातली तर वास उडून जातो. लिंबू तव्यात पिळायचं नाही, ताटात पिळायचं. बिडाला आंबट लागलं की भाजी काळी पडते. भाजी तव्यात ठेवायचीही नाही, लगेच काढायची. आणि काढल्यावर तवा पाण्यात भिजत टाकायचा नाही, गरम असतानाच पुसून तेलाचं बोट फिरवायचं. हे लेकीनं नाही सांगितलं. तवा गंजला तेव्हा खाटेवरून ज्या नजरेनं पाहिलं गेलं, त्यावरून कळलं.

तुम्ही म्हणाल, बुवा, सेवा चांगली चालली आहे. गावातही म्हणतात. कुणी कुणी मला पुंडलिक म्हणतं. मला ते ऐकवत नाही. पुंडलिकानं आईबापाची सेवा केली आणि देवाला विटेवर थांबवलं. मी माझ्या बापाची सेवा बायकोकडून करून घेतली आणि स्वतः देवाकडं गेलो. आणि आतली गोष्ट सांगायची तर पहिल्या वर्षी, प्रस्थानाच्या दिवशी, मी तिच्यापुढं ताट आपटलं होतं. आळंदीत त्या वेळी देऊळवाड्यात टाळ वाजत असतील, आपली दिंडी उभी असेल, भिशीचे पैसेही मी आधीच भरून ठेवले होते, आणि मी इथं पेज ढवळतोय, असं झालं होतं मला. पेज सांडली. ती काही बोलू शकत नव्हती. बोलता येत असतं तरी बोलली नसती.

वाचा गेली म्हणालो, पण पुरती नाही. एक नवल सांगतो. तिला ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं, माझं नाव, पोरांची नावं काही येत नव्हतं. पण संध्याकाळी मी हरिपाठ म्हणायला लागलो की धृपदाला तिचे ओठ हलायचे आणि शब्द अर्धेमुर्धे बाहेर पडायचे. डॉक्टर म्हणाले, अशा माणसांना गाणं, प्रार्थना, जन्मभर पाठ असलेलं पुष्कळदा टिकून राहतं. नवं वाक्य जुळवणं जातं. मग ‘हां’ आणि ‘नको’ आलं. बरेच दिवस तेवढंच.

आता एक जुनी गोष्ट सांगायची राहिली, ती सांगितल्याशिवाय पुढची कळणार नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका श्रावणातल्या बारशीला आमच्या दिंडीतली आठ माणसं पारण्याला घरी आली होती. वीणेकरी बाबाही होते. ती पहाटे भांगलणीला जाऊन, भिजून येऊन चुलीशी बसली होती. घेवड्याची भाजी, भाकरी, वरण-भात, खीर. नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचा नसतो, आपल्याला माहीत आहे. त्या गडबडीत भाजीत मीठ राहिलं. पहिला घास घेऊन मी पंगतीत मोठ्यानं म्हणालो, ‘अळणी हाय. देवाला अळणी दाखवलीस?’ ती आतून मिठाची वाटी घेऊन आली, प्रत्येकाच्या पानात चिमूट चिमूट वाढत गेली. बाबांनी पानावर हात आडवा धरला. काही बोलले नाहीत. तीच भाजी त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. मला त्या वेळी वाटलं, म्हाताऱ्याला पथ्य असेल.

तर गेल्या श्रावणातली बारस. आदल्या दिवशीच तुळशीची पानं खुडून ठेवली होती, द्वादशीला तुळस तोडत नाहीत म्हणून. भाजी झाली, ताट वाढलं, वर तुळशीचं पान ठेवून देवापुढं फिरवलं. मग तिला ताठ बसवलं, उशा लावल्या, भाकरी दुधात कुस्करली, बाजूला भाजी. पहिला घास दिला. तिनं तो बराच वेळ तोंडात घोळवला, गिळला. माझ्याकडं बघितलं. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

‘अळणी,’ ती म्हणाली.

साफ म्हणाली, माऊली. वर्ष-दीड वर्षात हां-नकोच्या पलीकडचा तो पहिला नवा शब्द. मी वाटी खाली ठेवली. तिला ती पंगत आठवली होती की भाजी खरंच अळणी लागली होती, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. तिचा डावा गाल जरा वर गेला होता. तेवढंच तिला हसता येतं. मीठ मी वाढवलं नाही, वाढवायचं नव्हतंच. लिंबू पिळलं, कोथिंबीर आणखी घातली. तिनं सगळं खाल्लं. मग मी माझ्या पानात घेतली ती तिच्यातलीच, मीठ न घालता. तेव्हापासून घरात एकच भाजी होते.

चार आषाढ्या झाल्या, मी घरी आहे. वाईट वाटतं का? वाटतं. खोटं कशाला बोलू? पालखी नीरेवर आली, पादुकांना स्नान झालं असं टीव्हीवर दाखवतात तेव्हा पायांत कळ येते. पण सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीला येतात आणि अरणच्या सावतोबांची येत नाही, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. ते मळा सोडून गेले नाहीत. आषाढ वद्य चतुर्दशीला त्यांची पुण्यतिथी, तेव्हा पांडुरंगाचीच पालखी पंढरपुराहून अरणला जाते. एकोणीस वर्षं मला ती गोष्ट माहीत होती. काला झाला की मी गाडी धरून गावी यायचो, अरणच्या दिशेनं बसल्या जागी हात जोडायचो. गेलो एकदाही नाही. घरी जायची घाई असायची. घेवड्यात तण माजलेलं असायचं ना.

औंदा पाऊस वेळेवर झाला. बांधावर दोन ओळी आहेत. उद्या बारस. तुळशीची पानं काढून वाटीत झाकून ठेवली आहेत, आणि हे लिहून झालं की शेंगा निसायला बसायचंय. आता दोघं मिळून निसतो. मी शेंग धरतो, ती डाव्या हाताच्या चिमटीत देठ पकडते आणि ओढते. कधी शीर मधेच तुटते, मग ती ‘नको’ म्हणते आणि ती शेंग बाजूला काढायला लावते. तिच्या ढिगातली शेंग मी पुन्हा उजेडाला धरून बघत नाही. ती मात्र माझ्या ढिगातली बघते.